सीटखालचं एअरबॅगचं कनेक्शन गावच्या गॅरेजात सोडवावं का?

भुसावळकर: शेजाऱ्यांच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागला होता. सीटकव्हरवाल्याने डाव्या सीटच्या सेन्सरला रेझिस्टर (करंटला ठराविक अडथळा देणारा छोटा भाग) जोडून तो विझवून दिला. मला हे अजिबात पटत नाही. या गाडीत सीटवर मोठं माणूस आहे, लेकरू आहे की सीट रिकामी, हे तो सेन्सर वजनावरून सांगतो आणि त्यावर पुढची एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. रेझिस्टर लावला की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला कायम एकच उत्तर जातं. एकतर आजी बसलेली असताना एअरबॅग उघडणारच नाही, नाहीतर तान्ह्या पोरावर उघडेल. हे काम सर्व्हिस सेंटरशिवाय कुणी करूच नये.

शहादेकर: रेझिस्टर चुकीचाच, भाऊ. पण धडगावच्या माणसाने एका सैल कनेक्टरसाठी धुळे गाठायचं का? सीट मागेपुढे सरकवून खालची वायर ताणली जाते, कनेक्टर ढिला होतो, आत धूळ बसते. आमचा मिस्त्री इग्निशन बंद करतो, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढतो आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबतो, कारण कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज शिल्लक असतो आणि तेवढ्यानेही एअरबॅग उघडू शकते. मगच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावतो. केबल परत जोडेपर्यंत चावी फिरवत नाही.

भुसावळकर: असे किती? बॅटरी न सोडता पिवळ्या वायरीत टेस्ट लॅम्प टोचणारे मी पाहिलेत. तेवढ्या करंटनेही एअरबॅग फुलवणारा इग्नायटर पेटू शकतो. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, म्हणजे माणूस तिच्या तोंडाशीच वाकलेला.

जळगाव गॅरेजवाला: मी शहादेकरांच्या बाजूचा. पण सीट उचलली की काम वाढतं, ते कुणी बोललं नाही. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, आणि वजनाचा सेन्सर असेल तर रिकाम्या सीटचं शून्य बहुतेक वेळा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, परत लावावं लागतं. स्वस्त ओबीडी स्कॅनर इंजिनचे कोड दाखवतो, एअरबॅगचे बहुधा नाही. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत सीटच्या गादीतली सेन्सरची चटई फक्त बेल्टच्या बीपसाठी असते, एअरबॅगशी तिचा संबंधच नसतो. आधी मॅन्युअल उघडा.

शहादेकर: स्कॅनरचं खरंय. मग कनेक्टर साफ करून घट्ट बसवण्यापर्यंत गावात, सीट काढायची वेळ आली की तुमच्याकडे.

भुसावळकर: मला अजूनही पटत नाही. शेजाऱ्यांना सांगितलंय, रेझिस्टर काढून सेन्सर तपासून घ्या. तोवर पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही, आणि लेकराची सीट तर कायमच मागे.