शाळेचे नियम आणि आपली मुलं : अनुभव लिहा

इथे अमेरिकेत लेकाच्या शाळेचं नियमांचं पुस्तक बावन्न पानांचं आहे. दर ऑगस्टला मी 'वाचलं' म्हणून सही ठोकते, वाचत कधीच नाही. यंदा वाचावं लागलं, कारण पहिल्याच आठवड्यात शाळेच्या ऑफिसातून फोन आला, 'वर्गात हुडी डोक्यावर घेता येत नाही.' मग कळलं की यातले काही नियम शाळेचे नाहीतच, राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून दिलेले आहेत. कपडे, केस, फोन, प्रतिज्ञा, सगळ्यावर.

तुमचे अनुभव लिहा. राज्य सांगा, शाळेचं नाव नको. (इथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा बरं का, पुण्यातली भरमसाठ फीवाली नव्हे.)

खारूताई, फ्लोरिडा

आमच्याकडे २०११ पासून कायदा आहे. पोरं पँट कमरेखाली घसरवून फिरायची, चड्डी दिसायची, त्यावरून केला. पण शब्द असे की अंतर्वस्त्रं किंवा शरीराचा भाग 'असभ्यपणे' दिसला तरी लागू. असभ्य म्हणजे काय, ते ऑफिसातल्या बाई ठरवणार.

लेक सातवीत एका उन्हाळ्यात भसकन वाढली. मेमध्ये नीट बसणारा टॉप ऑगस्टमध्ये हात वर केला की पोट दाखवायला लागला. पहिल्या वेळी तोंडी ताकीद आणि मला फोन. महिन्याभरात दुसऱ्यांदा पकडली. त्याला पाच दिवसांपर्यंत अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना बंदी. तिसऱ्यांदा झालं असतं तर तीन दिवसांपर्यंत शाळेतच वेगळं बसवणं, आणि बंदी तीस दिवसांपर्यंत.

त्या पाच दिवसांत तिच्या बँडचा कार्यक्रम होता. क्लॅरिनेटची पेटी आठवडाभर चपलांच्या स्टँडशेजारी तशीच पडून. पण ती रडली ती त्यासाठी नाही. ऑफिसानं तिला हरवल्या-सापडल्याच्या खोक्यातला करडा एक्स्ट्रा लार्ज शर्ट दिवसभर घालायला लावला होता. त्याला कुणाच्या तरी घामाचा वास येत होता.

घसरत्या पँटवाला मात्र मला अजून तिथे रोज दिसतो.

हळदीकुंकू, नॉर्थ कॅरोलिना

लेक मावशीच्या लग्नाहून आलेली, कोपरापर्यंत मेंदी. नियम : अंगावर काही रेखाटायचं नाही. नर्सनं विचारलं, 'धुतल्यावर जाईल का?' लेक म्हणाली, 'दोन आठवड्यांनी, आपोआप.' विषय संपला. दुसऱ्या दिवशी नर्सनंच हळूच कोनाचं विचारलं.

निवृत्त हेडमास्तर, सध्या मुक्काम न्यू जर्सी

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलोय. नातू सहावीत आहे. एकदा सहज म्हणाला, 'आजोबा, मी सकाळच्या प्रतिज्ञेला उभा राहत नाही. मी इथला नागरिक नाही, मग यांच्या झेंड्याची शपथ कशी घेऊ?' मी आधी झापला. ज्या देशात भाकरी खातोस वगैरे.

शाळेनं काहीच केलं नव्हतं. मुलानं सांगितलं, इथल्या सुप्रीम कोर्टानं १९४३ सालीच, ऐन महायुद्धात, निकाल दिलाय की शाळा झेंड्याला सलाम करायची सक्ती करू शकत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या मुलांची केस. तेव्हा डोक्यात लख्ख पेटलं, आपल्याकडे १९८६ चा केरळचा निकाल! त्याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढली होती. आपल्या सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. मी स्टाफरूममध्ये त्यावर तावातावानं भांडलो होतो, शाळेच्या बाजूनं.

आता लिहितोच आहे तर हेही. सातारा जिल्ह्यात नवीन असताना एका मुलाचे वाढलेले केस मी प्रार्थनेच्या रांगेतच, सगळ्यांसमोर, शिवणवर्गाच्या कात्रीनं कापले होते. एका बाजूचेच, म्हणजे घरी जाऊन न्हाव्याकडे जाणं भाग पडावं. चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी बाप घेऊन आला आणि वर मलाच म्हणाला, 'गुरुजी, बरं केलंत.' आज असं केलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम लागेल, मुलांना मारणं, छळणं याला बंदी घालणारं. तेव्हा बापसुद्धा माझ्याच बाजूला होता. पोराच्या बाजूला कोण होतं?

टेक्सासकर

सर, आमच्याकडे नातवानं एकट्यानं ठरवून भागलं नसतं. पालकांची लेखी चिठ्ठी लागते. आणि देशाच्या झेंड्यानंतर टेक्सासच्या झेंड्याचीही प्रतिज्ञा असते, दोन्हींसाठी तोच नियम.

केसांवरून आमचंही झालं. कॅन्सरच्या पेशंटांना द्यायला लेकानं केस वाढवले होते. शाळेचा नियम, मुलग्यांचे केस कॉलरच्या खाली नकोत. मी मोठ्या तोऱ्यात गेलो, केसांवरून वंशभेद करायचा नाही असा २०२३ चा क्राउन कायदा आहे म्हणून. वाचला तर त्यात वेण्या, जटा, केसांचा पोत आहे, लांबीचा शब्दच नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनजवळच्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या खटल्यात न्यायाधीशानं तेच म्हटलं. त्याच्या आईनं केसांना आकडे लावून बघितले, शाळेनं तेही ओळखले. शेवटी कापले. आठ इंच लागत होते, सव्वासात भरले.

सबवे, न्यू यॉर्क

सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद. मी बाजूनं, लेक विरोधात. पण जेवणाच्या सुट्टीत तिनं टेबलावरच्या तिघींना मेंढीकोट शिकवलाय. 'कोट' ओरडल्या म्हणून एकदा दटावणीही झाली.

बायूकाठी, लुईझियाना

आमच्या राज्यानं १९९९ साली कायदा केला, शाळेतल्या मोठ्यांना मुलांनी सर, मॅम म्हणायचं. लेकाच्या इतकं अंगवळणी पडलंय की व्हिडिओ कॉलवर आजीनं 'जेवलास का रे?' विचारलं तर 'येस मॅम'. आजी मला म्हणते, 'घरात कोण बाई आलीय?'

धागाकर्ती

खारूताई, त्या करड्या शर्टाचं पुढे काय झालं?

खारूताई, फ्लोरिडा

धुतला, इस्त्री केली, लेकीबरोबर परत पाठवला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, 'धुऊन आलेला पहिलाच.' आणि घडी घालून परत त्याच खोक्यात.