अकोल्यात घर बांधतोय: डक्ट कूलर की प्रत्येक खोलीत एसी?

अकोलेकर:
नमस्कार मंडळी. तळमजला अधिक एक असं घर चालू आहे. वरचा स्लॅब टाकून झाला, प्लास्टर अजून बाकी आहे. खाली हॉल १६ बाय १२, उंची १० फूट. वर दोन बेडरूम, त्यातली १२ बाय ११ची आईबाबांची. तिची एक अख्खी भिंत पश्चिमेला. एसीवाला म्हणतो सगळीकडे दीड टनाचे लावा, त्या खोलीत दोन टनाचा. मेव्हणे म्हणतात डक्ट कूलर बसवा, म्हणजे कूलर बाहेर आणि गार हवा पत्र्याच्या नळीतून आत, विजेचं बिल बघून रडायची वेळ येणार नाही. बाबांना दमा आहे, म्हणून ओल्या हवेची धास्ती वाटते. काय करू?

डक्टवाला, नागपूर:
दादा, बावीस वर्षं डक्टचीच कामं करतोय. टनाचं नंतर बघू, आधी स्लॅबचं बघा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री नऊला वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला तळहात टेकवा. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब तेव्हा खाली सोडत असतो. दोन टनाचा एसी अर्धी रात्र त्या स्लॅबलाच थंड करत बसेल. म्हणून कोब्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी करून घ्या. तेवढं बजेट नसेल तर दर मार्चअखेर चुन्याचे दोन हात मारा. पश्चिमेला छज्जा काढून भागत नाही, संध्याकाळचं ऊन आडवं येतं. प्लास्टर व्हायचंय तर त्या भिंतीला बाहेरून अर्ध्या विटेची दुसरी भिंत घ्या, मध्ये दोन इंच पोकळी सोडा.

आता कूलर. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर कूलरच्या चांगल्या ओल्या पॅडमधून २८ अंशांच्या आसपास हवा येते. जुलैत बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो. म्हणजे हॉलला कूलर, झोपायच्या खोल्यांना एसी. तुमचा हॉल १,९२० घनफूट आहे. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची तर ९६० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ९६० घनफूट हवा लागते.

पण आत आलेली हवा बाहेर जाणार कुठून? हे कोणी विचारत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका घरी सुंदर डक्ट बसवून दिला आणि बाहेर जायची वाट ठेवायचं विसरलो. पंधरा दिवसांनी त्या घरच्या आजींचा फोन आला, ‘अहो, देवघरातली काडेपेटी पेटत नाही.’ जाऊन बघतो तर ओल घरातच कोंडलेली, काडीचा गुल घासला की कागदासारखा सोलून येत होता. कपाटातल्या साड्यांना कुबट वास. दोन खिडक्यांच्या वर जाळीचे झरोके फोडून दिले, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दर ५०० सीएफएमला एक चौरस फूट मोकळी जागा धरतो. तुमच्या हॉलला दोन चौरस फूट, आणि तीही डक्टच्या समोरच्या भिंतीत.

बाबांच्या खोलीत कूलरची हवा सोडू नका. ओल धरली की बुरशी येते आणि दम्याला ती वाईट. तिथे इन्व्हर्टर एसी घ्या. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप) एवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद. मात्र हा आकडा बाहेर ३५ अंश धरून दिलेला असतो, ४५ला यंत्राचा दम कमी पडतो. स्लॅब आणि भिंत सांभाळलीत तर त्या खोलीला दीड टन पुरे, दोनची गरज नाही. आउटडोअर युनिट पश्चिमेला टांगू नका. आणि एसीच्या बंद खोलीत रात्रभर तीच हवा फिरते, म्हणून लगतच्या बाथरूमचा एक्झॉस्ट थोडा वेळ चालवायची सवय लावा.

अमरावतीहून ताई:
डक्ट कूलर आमच्याकडे सहा वर्षं आहे. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षाराचा पांढरा थर बसतो, एका उन्हाळ्यात पॅड दगडासारखा कडक होतो. मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करते, ते क्षाराचं पाणी नाल्यात सोडते, झाडांना घालत नाही. टाकीला खालून मोठी तोटी लावून घ्या, आमच्याकडे नव्हती आणि मग्याने पाणी उपसताना कंबर गेली. आणि कूलर स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ ठेवू नका. पहिल्या वर्षी आमच्या हॉलभर फोडणीचा ठसका यायचा.

अकोलेकर:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री स्टुलावर चढून छताला हात लावला, आईलाही लावायला सांगितला. तिने लगेच हात काढून घेतला. चिनीमातीच्या फरशीचं आजच मिस्त्रीशी बोललो. झरोके हॉलच्या उत्तरेच्या भिंतीत घेतोय. प्लास्टरच्या आधी आणखी काही?

डक्टवाला, नागपूर:
एसीची कॉपर आणि ड्रेनची पाइप भिंतीत आत्ताच टाकून घ्या. ड्रेनला सलग उतार हवा, मध्ये कुठे पोट आलं तर पाणी खोलीतच टपकतं. प्लास्टर चढवायच्या आधी वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली उभं राहून ते सगळं बाहेर पडतं का ते स्वतः बघा.