भुईआवळी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी

भुईआवळीच्या रसाने कावीळ उतरते, मग रक्त तपासायचे कशाला, असे काही जण म्हणतात. हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय त्या काळात घेतलेल्या औषधाला मिळते. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र डोळे पिवळे न होताही वर्षानुवर्षे यकृतात दडून राहू शकतो. तो रक्ताच्या एचबीएसएजी (या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन) तपासणीशिवाय कळत नाही.

या वनस्पतीवर संशोधनच झाले नाही, ही तक्रारही मला पटत नाही. मद्रासच्या संशोधकांनी, खुद्द हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणाऱ्या नोबेलविजेत्या बरूख ब्लुमबर्ग यांच्यासह, १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३० दिवस भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून एचबीएसएजी नाहीसे झाले होते, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा घेणाऱ्या २३ जणांपैकी केवळ एकाच्या. दुर्दैवाने, पुढे इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही.

निदान गरोदरपणात तरी ही तपासणी कृपया टाळू नये, कारण आईची लागण आधी कळली तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) देता येते.