ईक्यूएस 580 घेऊन पुणे–रत्नागिरी केलेलं कुणी आहे का? खरी रेंज हवी आहे

नमस्कार मंडळी,

मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूएस 580 वापरणाऱ्यांची, किंवा कुठलीही मोठी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आंबा घाट उतरलेल्या-चढलेल्यांची मदत हवी आहे.

ओळखीतले एक काका त्यांची 2023 ची ईक्यूएस विकताहेत. आपल्या चाकणलाच जुळणी झालेली गाडी, सर्व्हिसचे कागद पूर्ण, किमतीचंही जवळपास जुळलंय. अडलंय ते रेंजपाशी, म्हणजे एका चार्जवर गाडी किती जाते त्यापाशी.

आम्ही कोथरूडला, आई पावसजवळच्या गावी. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला तपासणीसाठी अधूनमधून पुण्याला आणावं लागतं. आमच्या सध्याच्या गाडीत ती कराड येईपर्यंतच बेजार होते. काकांनी या गाडीतून तिला चक्कर मारून आणली, तेव्हा नेहमीच्या खड्ड्यांवरून जाताना म्हणाली, "अगं, रस्ता नवीन केला का?" तेव्हापासून ही गाडी डोक्यातून जात नाहीये.

आता आकडे. बॅटरी 107.8 युनिटची. एआरएआयची, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेची, रेंज 857 किलोमीटर, म्हणजे शंभर किलोमीटरला साडेबारा युनिट. पण ती चाचणी रोलरवर होते आणि तिच्यात वेग 90 च्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, त्याच्या भरवशावर सातारा रोडला लागता येणार नाही. वेग 80 वरून 100 वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. ईक्यूएसचा आकार हवा कापायला उत्तम आहे हे मान्य, तरी अडीच टनांची गाडी, वर माणसं, सामान आणि मे महिन्यातला एसी.

मी शंभर किलोमीटरला 20 युनिट धरलेत. म्हणजे पूर्ण चार्जवर 540 किलोमीटर, आणि 15 टक्के शिल्लक ठेवायची म्हटलं तर 460 च्या आत. कराड-मलकापूर-साखरपा मार्गे गाव साधारण सव्वातीनशे किलोमीटर. जाताना 65 युनिट लागतील, पोचल्यावर 40 च्या वर उरतील. तिथवर काळजी नाही.

प्रश्न येतानाचा आहे, कारण नेमकी तेव्हाच आई गाडीत असणार. पावणेतीन टन वजन आंबा घाटात 600 मीटर वर चढवायलाच साडेचार युनिट खर्च होतात, मोटरमधली घट वेगळी. गावी 15 अँपिअरचं सॉकेट आहे, त्यावर 10 अँपिअरने रात्रभरात वीसेक युनिट भरतील, म्हणजे दोन रात्री राहिलो तर परतीचं जमतं. पण घर जुनं, अर्थिंगचा भरवसा नाही. शेजाऱ्यांच्या छोट्या ईव्हीचा चार्जर तेवढ्यावरून लाल दिवा लावून थांबलेला मी पाहिलाय. शिवाय पावसाळ्यात तिकडे वीज जाते ती केव्हा येईल सांगता येत नाही.

म्हणून विचारते. हायवेला 90-100 ने चालवून, एसी चालू ठेवून तुमची गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते? कृपया टक्के सांगू नका, बॅटरी किती जुनी त्यावर टक्क्यांचा अर्थ बदलतो. स्क्रीनवर दिसणारा युनिटचा आकडा द्या, आणि घाट चढतानाचा वेगळा लिहिलात तर फारच उपकार होतील. उतरताना परत किती मिळाले, तेही.

दुसरं, कराड ते रत्नागिरी दरम्यान असा फास्ट चार्जर सुचवा जो तुम्ही स्वतः वापरलाय. नकाशावर ठिपके बरेच दिसतात. मला हवा तो चालू असणारा, आणि शेजारी स्वच्छ, कमोडचं स्वच्छतागृह असलेला. आईला अर्धा तास बसवून ठेवता येतं, त्याहून जास्त नाही.

आणि गावाकडे अर्थिंग नव्याने करून घेतलं असेल, तर काय केलं आणि साधारण खर्च किती आला, तेही लिहा. काकांना रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.