अलनॅक की ॲमेझर? कमी रनिंगच्या गाडीला कोणता टायर घ्यावा?

घाटवाट: डिझायर, साइज १८५/६५ आर १५. कंपनीतून आलेले टायर गोटा व्हायच्या बेतात आहेत, चारही बदलायचेत. बजेट बघता अपोलोवर येऊन थांबलोय, पण तिथेही दोन मॉडेल: अलनॅक ४जी आणि ॲमेझर ४जी लाइफ. ॲमेझर एक लाख किलोमीटरपर्यंत चालतो असं कंपनी सांगते, अलनॅकची जाहिरात ग्रिपवर. टायरवाला म्हणतो, "साहेब, डोळे झाकून ॲमेझर टाका." रनिंग वर्षाला नऊ-दहा हजार. बहुतेक पुण्यातच, आणि गणपतीला, शिमग्याला कुंभार्ली घाटाने चिपळूण. माझा कल अलनॅककडे आहे. कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

मीटरडाऊन: आहे ना वेगळं मत. माझी टूरिस्ट परमिटची गाडी आहे, मी टायरचा हिशोब किलोमीटरमागे करतो. दोन्हींच्या किमतीत फार तफावत नसेल तर जास्त पळणारा टायर सोडायचा कशाला? सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून लगेच हौस करायची का?

चिपळूणकर_बाहेरगावी: दादा, तुमचा हिशोब तुमच्या गाडीला बरोबर आहे. यांचं रनिंग दहा हजार. एक लाख व्हायला दहा वर्षं लागतील! तोवर नक्षी शाबूत आणि रबर कडक. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, बारीक भेगा, पावसात ब्रेक मारला की गाडी पुढेच. पाच-सहा वर्षांनी टायर तसाही बदलायचा, मग उरलेले चाळीस हजार किलोमीटर कोणाला आहेर देणार? जास्त टिकणारं रबर साधारणपणे कडक असतं, ओल्या रस्त्यावर ते थोडं कमी धरतं. कुंभार्लीच्या उतारावर पुढे एसटी आणि वरून धो-धो पाऊस असताना किलोमीटरमागे किती पैसे वाचले हे कोणी मोजत नाही.

मीटरडाऊन: ऐकायला छान आहे, पण अर्धंच सांगितलंत. पावसात पाणी बाहेर टाकतात त्या टायरच्या खाचा. नवीन टायरला सात-आठ मिमी खोली असते, कायद्याने १.६ पर्यंत चालतं, पण तीनच्या खाली गेला की पाण्यावर टायर तरंगायला लागतो. हळू झिजणाऱ्या टायरची खोली जास्त वर्षं राहते. चौथ्या पावसाळ्यात तुमचा मऊ टायर तीनवर आणि माझा पाचवर असेल, तेव्हा कोण आधी थांबेल?

घाटवाट: हा मुद्दा मात्र डोक्यात आला नव्हता.

चिपळूणकर_बाहेरगावी: मुद्दा खरा, पण त्यांच्या रनिंगला लागू नाही. चौथ्या पावसाळ्यापर्यंत पस्तीस-चाळीस हजार होतील. चाकांची नीट अलाइनमेंट केलेला अलनॅक तेवढ्यात तीनवर येऊ नये. आलाच, तर दोष टायरचा नाही, हवेचा आणि अलाइनमेंटचा. आतली कड एकीकडूनच खाल्लेले टायर घेऊन लोक कंपनीला शिव्या घालतात.

नटबोल्ट: दोघं रबराच्या मिश्रणावर भांडताय, तारीख कोणी विचारली? साइडवॉलवर 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, ती टायर बनल्याची तारीख. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला अलनॅक घेण्यापेक्षा ताजा ॲमेझर बरा. आणि साइजनंतरचा कोडही वाचा: ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो वजन, पुढचं अक्षर टी असेल तर वेगमर्यादा ताशी १९० किलोमीटर, एच असेल तर २१०. मूळ टायरपेक्षा खालचा कोड घेऊ नका, टायरवाला "काय फरक पडत नाय" म्हणाला तरी. चारही चाकांना तेच मॉडेल. स्टेपनीत जुन्यातला बरा ठेवा.

मीटरडाऊन: तारखेचं शंभर टक्के मान्य. बाकी मी माझ्या मतावर ठाम. टायरवाला "डोळे झाकून" म्हणतो तेव्हा त्याला मार्जिन कशात जास्त आहे हे मात्र डोळे उघडून बघा, माझ्या बाजूने बोलत असला तरी.

घाटवाट: उद्या दोन दुकानांत तारखा बघून येतो. ताजा मिळाला तर अलनॅकच. वर्षभर शहरात हळूच चालवतो, पण खरी परीक्षा गणपतीच्या आठवड्यातच असते, गाडीत आई-बाबा आणि डिकी भरलेली. अलनॅकचा सेट जुना निघाला तर?

चिपळूणकर_बाहेरगावी: तिसरं दुकान.

मीटरडाऊन: किंवा ॲमेझर.