लायकाचा उशीर नुसता हट्ट नव्हता

लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने निव्वळ हट्टापायी डिजिटल कॅमेऱ्यांना उशीर केला असं म्हणतात; उशीर झाला हे पटतंय, पण कारण नुसता हट्ट नव्हता हो. एम माउंटच्या (म्हणजे लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर बसणाऱ्या) लेन्स फिल्मच्या किंवा सेन्सरच्या अगदी जवळ बसतात, कडेला प्रकाश तिरका पडतो, फिल्मला त्याचं फारसं काही वाटत नाही पण सेन्सरचे कोपरे काळवंडतात. म्हणून २००६ च्या एम८ या डिजिटल कॅमेऱ्यात कोडॅकचा लहान, १० मेगापिक्सेलचा सेन्सर घातला, इन्फ्रारेड अडवणारी काच पातळ ठेवली आणि झाली पंचाईत, काळे सिंथेटिक कोट चक्क जांभळे! शेवटी लेन्सवर लावायचे इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर फुकट द्यावे लागले (एवढ्या महाग कॅमेऱ्यात, कहरच). फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला एम९ थेट २००९ ला. स्टुडिओवाल्यांसाठी ३७.५ मेगापिक्सेलचा एस२ काढला, त्याच्या लेन्सही नव्या, लायकाच्या आर मालिकेच्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्सवाले बसले हात चोळत.