जुन्या मोबाइल व्हिडिओंमधला फक्त आवाज ओपन फॉरमॅटमध्ये कसा काढायचा?

सांजवारा:
माझ्या आत्याने सांगितलेल्या गोष्टींच्या ४३ क्लिप्स माझ्याकडे आहेत. ११ क्लिप्स २००८ च्या फोनमधल्या थ्रीजीपी आहेत, बाकीच्या नंतरच्या एमपी४. चित्रात बघण्यासारखं काही नाही. फोन मांडीवर ठेवलेला असायचा, त्यामुळे नुसतं छत दिसतं. आत्या आता नाही. मला तिचा आवाज हवाय, आणि तोही अशा फॉरमॅटमध्ये की माझ्या भाचीला तो वीस वर्षांनीही उघडता यावा.

एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर सात मिनिटांची थ्रीजीपी क्लिप टाकून ३२० केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ करून घेतली. फाइल १६ एमबीची झाली, पण आवाज होता तसाच, डबक्यातून आल्यासारखा. माझं काय चुकलं?

फीतवाला:
चूक सेटिंगची नाही. त्या काळच्या थ्रीजीपीत आवाज बहुधा एएमआर नॅरोबँड असतो. तो फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला कोडेक, म्हणजे आवाज दाबून साठवायची पद्धत. सेकंदाला ८,००० नमुने घेतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही, आणि बिटरेट जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस. तुमच्या सात मिनिटांत मूळ आवाज फार तर ६४० केबीचा आहे. ‘स’ आणि ‘श’ सारखे ऐकू येतात ना? त्यांच्यातला फरक ज्या वरच्या कंप्रतांमध्ये असतो, त्या रेकॉर्ड होतानाच गेल्या. ३२० केल्याने त्या परत येत नाहीत.

आधी व्हीएलसी या प्लेअरमध्ये क्लिप लावून टूल्स मेनूतलं कोडेक इन्फर्मेशन बघा. एएमआर दिसलं तर फ्लॅक या ऑडिओ फॉरमॅटमध्ये बदला. फ्लॅक काहीही टाकून देत नाही आणि पूर्ण खुला आहे. आठ हजार नमुन्यांचा मोनो आवाज न दाबताही १२८ केबीपीएसच होतो, म्हणून फ्लॅक तुमच्या त्या एमपी३पेक्षा निम्म्याहून लहान होईल. फक्त सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाच्या नमुन्यांची संख्या, वाढवू नका.

टर्मिनलकर:
एमपी४ क्लिप्समध्ये आवाज बहुतेक एएसी या कोडेकमध्ये असेल. तो थेट दुसऱ्या कोडेकमध्ये ढकलण्याआधी एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅमने जसाच्या तसा कॉपी करून ठेवा: ‘व्हीएन’ पर्यायाने चित्र वगळायचं आणि ऑडिओ कोडेकच्या जागी ‘कॉपी’ लिहायचं. काही सेकंदांत होतं आणि एक बिटही बदलत नाही. मग ऐकण्यासाठी त्यातून ओपस काढा. ओपस हा खुला कोडेक २०१२ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केला, वापरायला रॉयल्टी नाही. एकट्या माणसाच्या बोलण्याला मोनो ३२ केबीपीएस भरपूर झालं. कमांड नको असेल तर व्हीएलसीच्या कन्व्हर्ट/सेव्हमध्ये व्हॉर्बिस या कोडेकचं प्रोफाइल तयार असतं, तेही खुलंच.

एक विनंती: मूळ व्हिडिओ पुसू नका. रेकॉर्डिंगची तारीख बऱ्याचदा त्याच फाइलमध्ये असते, आवाज वेगळा काढताना ती हरवू शकते.

सांजवारा:
झालं! अकराच्या अकरा एएमआरच निघाल्या. सात मिनिटांच्या क्लिपचं फ्लॅक पाच एमबीच्या आत बसलं. एमपी४मधला आवाज कॉपी करून घेतला, मग ओपस केलं. तारीख मी फाइलच्या नावातच लिहिली, पुढे गोष्टीचं नाव.

‘स’ आणि ‘श’बद्दल लिहिलंत ते वाचून पुन्हा ऐकलं. २००८ च्या क्लिपमध्ये ‘ससा’ खरंच ‘शशा’सारखा येतो, आणि मी इतकी वर्षं समजत होते की आत्याचे दात गेल्यामुळे तसं येतं. नंतरच्या एका एमपी४त तीच गोष्ट पुन्हा सापडली, त्यात ‘ससा’ अगदी स्वच्छ आहे. दोन्ही ठेवल्या आहेत. जुनीत ती शेवट वेगळा सांगते.